राणीसाहेबांचा डिनर सेट

तेजस्विनीबाईंच्या दिवाणखान्यात देवांपेक्षा ताटल्या जास्त होत्या, आणि देवांपेक्षा त्यांची बडदास्तही जास्त होती. देव बिचारे जिन्याखालच्या कोनाड्यात एका दिव्यावर भागवत होते. ताटल्यांना मात्र काचेची तीन कपाटं, प्रत्येक कपाटात आतून दिवे आणि धूळ पुसायला वेगळं मऊ फडकं. ते फडकं दुसऱ्या कशाला लावायचं नाही, अशी कामवाल्या सुवर्णाला सक्त ताकीद होती.

मालिनीबाई सोफ्याच्या कडेला बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांच्या नातीचं, संपदाचं, तेजस्विनीबाईंच्या मुलाशी, योगेशशी, लग्न ठरलं होतं. मुलांनी आपापसात ठरवलं आणि मोठ्यांनी मान्य केलं होतं. मालिनीबाईंचं घर पंचवटीतलं, तीर्थोपाध्यायांचं. ही मंडळी सिन्नरकडची, शेतीवाली, आता गंगापूर रोडला बंगला बांधून राहिलेली. मालिनीबाईंना जातीचं काही नव्हतं. निदान त्या तसं म्हणत असत. त्यांना होतं ते या ताटल्यांचं.

"आजी, ही बघा," म्हणत तेजस्विनीबाईंनी एक पसरट बशी काढली आणि पहिल्यांदा उलटी केली. त्यांची रीतच ती. ताटाचं तोंड नंतर, आधी बूड. बुडावर कसला शिक्का आहे ते वाचायचं, बोट फिरवायचं आणि मग मान डोलवायची. "बुडावरून घराणं कळतं, आजी."

मालिनीबाई हसल्या. मुलगी बघायला आले तेव्हा याच बाईंनी संपदाला उभं करून चालायला सांगितलं नाही, म्हणून सुनील, त्यांचा मुलगा, केवढा सुखावला होता! 'पुढारलेली माणसं आहेत, आई.' पुढारलेलीच. माणसांचं सोडून भांड्यांचं घराणं पाहत होती.

"आणि यात जेवता तुम्ही?"

"छे हो! रोज कसं जेवणार? स्टील आहे ना रोजला."

म्हणजे जेवायचं स्टीलच्या ताटात आणि मिरवायचं यात. मालिनीबाईंच्या सासूबाई असं काही ऐकत्या तर नुसतं 'हं' म्हणाल्या असत्या. त्यांच्या त्या एका 'हं'मध्ये पंचवटीतली निम्मी घरं निकालात निघत. मालिनीबाईंनी तो 'हं' वारशात घेतला होता, पण आज मुलीकडची बाजू म्हणून गिळला.

तेजस्विनीबाई एकेक वस्तू काढत होत्या आणि सांगत होत्या. हा फुलांचा सेट इंग्रज साहेबाचा, ही कपबशांची जोडी देवळालीच्या एका पारशी बंगल्यातलं, हे लोणच्याचं भांडं अमुक दिवाणांचं. कुठलीही वस्तू साध्या घरातली नव्हती. नाशकात एवढे साहेब, दिवाण आणि सरदार कधी राहत होते, हे मालिनीबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्या गावात साठ वर्षं होत्या. पूर्वी बोहारीण दारोदार फिरून जुनी लुगडी न्यायची आणि नवी भांडी द्यायची. ही बाई त्याच धंद्यातली, फक्त उलटी. नवं देऊन लोकांची जुनी भांडी गोळा करणारी. बोहारीण निदान आपल्या गाठोड्याला राजघराणं चिकटवत नव्हती.

"आणि आता हे!" मधल्या कपाटापुढे तेजस्विनीबाईंचा आवाजच बदलला. "माझ्या कलेक्शनचा राजा. संस्थानच्या राणीसाहेबांचा डिनर सेट. केळवणाला तुम्हा सगळ्यांना मी यातच वाढणार आहे. संपदाचं पहिलं पान या घरात, ते राणीच्या ताटात!"

बारा पसरट ताटं, बारा खोलगट, लांबट तबकं आणि मध्ये झाकणाचं मोठं भांडं. पांढऱ्यावर बारीक हिरवी वेल, काठाला सोनेरी रेघ, ती जागोजागी पुसलेली. झाकण मधोमध कधीतरी फुटलेलं होतं आणि दोन तुकडे पितळी तारेच्या टाक्यांनी जोडलेले होते.

मालिनीबाईंनी ते टाके पाहिले आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

ते झाकण त्यांनीच फोडलं होतं.

लग्न होऊन त्या पंचवटीत आल्या, त्याच वर्षीची गोष्ट. मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, रामकुंडावर मोठं प्रस्थ. लांबलांबची माणसं घरच्यांच्या अस्थी घेऊन यायची, बाराव्या-तेराव्याचे विधी करायची आणि शय्यादान द्यायची. मेलेल्या माणसाला परलोकात गैरसोय नको, म्हणून त्याच्या वापराच्या सगळ्या वस्तू ब्राह्मणाला द्यायच्या: पलंग, गादी, छत्री, जोडा, काठी, पानाचा डबा, भांडी. घराच्या मागच्या खोलीत या वस्तूंची एवढी दाटी असायची, की नव्या सुनेला वाटलं, आपण परलोकाच्या गोदामातच येऊन पडलो. महिन्या-दोन महिन्यांनी जुना बाजारवाला हातगाडी घेऊन यायचा आणि खोली रिकामी करायचा.

एका डॉक्टरांच्या विधवेनं हा सेट दिला होता. डॉक्टर विलायतेत शिकलेले, दुसऱ्या कशात जेवत नसत. मामंजी म्हणाले होते, "बाई, चिनी मातीची भांडी शय्यादानात कुणी देत नाही." तेव्हा ती बाई एवढंच म्हणाली, "मग ते तिकडे जेवतील कशात?" मामंजींनी पुढे विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र सेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मागच्या खोलीत पेटारा हलवताना मालिनीबाईंच्या हातून झाकण निसटलं. सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचं मोडलंस. आता तो उपाशी." सोळा दिवस सुनेला झोप नव्हती. शेवटी नवऱ्यानं, गंगाधररावांनी, गुपचूप ते झाकण भांडी बाजारापुढे बसणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. चिनी मातीला केसाएवढी भोकं पाडून पितळी टाके घालायची कला त्याच्याकडे होती. त्याचा शेवटचा टाका तिरका गेला होता. अजून तिरकाच होता.

"काय झालं, आजी? हा एकच पीस डॅमेज आहे," तेजस्विनीबाई म्हणाल्या. "बाकी मिंट कंडिशन."

"छान आहे," मालिनीबाई म्हणाल्या.

परतताना गाडीत संपदा चालवत होती आणि मालिनीबाई शेजारी. कॉलेज रोडच्या सिग्नलला त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, पोरगी ब्रेक दाबेल. पोरगी हसली.

"आजी, जुनं म्हणजे सगळंच कुणातरी मेलेल्याचंच असणार ना! जिवंत माणूस कशाला देईल?"

"बाजारात विकलेलं वेगळं, आणि मेलेल्याच्या नावानं पाणी सोडून दिलेलं वेगळं. तू केळवणाचं पान त्या ताटात जेवणार? मंगळसूत्राच्या आधी तेराव्याचं ताट?"

"तुझा विश्वास आहे यावर?"

विश्वासाचं म्हणाल तर आयुष्यभर त्या शय्यादानातल्याच गाद्यांवर झोपल्या होत्या. सुनील जन्मला तोही तशाच एका पलंगावर. पण आपण सोसलेलं नातीनंही सोसावं, असं कुठे लिहिलं होतं?

"मी सांगणार तेजस्विनीबाईंना. राणीसाहेबांचा सेट म्हणे! तोंड बघण्यासारखं होईल."

संपदानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. आता ती हसत नव्हती.

"आजी, ऐक. योगेशच्या आजी आत्ता कुठे हो म्हणाल्यात. सहा महिने त्या 'नाही'वर बसल्या होत्या. वणीला देवीपुढे कौल लावून आल्या, उजवा मिळाला, तेव्हा तयार झाल्या. त्यांच्या कानावर तेराव्याचं ताट वगैरे गेलं ना, तर त्या उद्या लग्न मोडायला लावतील. आणि योगेश आजीच्या शब्दाबाहेर नाही. तुला तेजस्विनीकाकूंची जिरवायची असेल तर लग्नानंतर जिरव. मी स्वतः टाळ्या वाजवेन."

मालिनीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी काही कुणाची जिरवायला जात नाही," त्या म्हणाल्या. हे वचन नव्हतं, पण संपदानं ते वचन समजून गाडी सुरू केली.

केळवणाला वीसेक माणसं होती. पूर्वी केळवण म्हणजे वरण-भात, एक गोड आणि आहेराचं खण-नारळ. आता टेबलाच्या मधोमध फुलांची नदी होती, प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी होती, आणि एक मुलगा फोटो काढण्यासाठीच बोलावला होता. राणीसाहेबांची बारा ताटं खास मंडळींना. बाकीच्यांना इंग्रज साहेबाच्या ताटात समाधान मानावं लागलं. मालिनीबाई खास. त्यांच्या एका बाजूला सुनील, समोर संपदा आणि योगेश, आणि दुसऱ्या बाजूला योगेशची आजी, यशोदाबाई. नऊवारी पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी ताटाकडे पाहिलं, बोटानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ताई, हे फुटलं तर म्या जिम्मेदार नाय. माझ्या हाताला पितळंची सवय हाय."

मालिनीबाईंना ही बाई पहिल्यांदाच आवडली.

पुरणपोळी वाढली, वर तूप आलं. संपदानं ताटाभोवतीच्या रांगोळीकडे, मग आजीकडे पाहिलं आणि पहिला घास घेतला. मालिनीबाईंनीही घेतला. घास घशाखाली उतरला; आभाळ काही कोसळलं नाही. त्या गप्प बसल्या असत्या. नक्की बसल्या असत्या. पण तेजस्विनीबाई उभ्या राहिल्या आणि चमच्यानं पेला वाजवला.

"मंडळी, आज आपण ज्या ताटात जेवतोय ना, त्यात एकेकाळी राजघराण्याच्या पंगती उठल्यात. फक्त हे झाकण बघा." त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून धरलं. "एवढी नाजूक वस्तू! आणि कुण्या अडाणी मोलकरणीनं फोडली आणि चप्पल शिवावी तशी शिवून आणली! काय म्हणावं? वस्तूची किंमत कळायला संस्कार लागतात."

लोक हसले. सुनीलही हसला.

"मोलकरीण नव्हे," मालिनीबाई म्हणाल्या. "मी."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना संपदाचा चेहरा दिसला. पण उतारावर लागलेली गाडी मध्येच थांबत नाही, आणि साठ वर्षांची स्मरणशक्ती तर नाहीच नाही. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. तेजस्विनीबाई हसू ओठांवर तसंच ठेवून म्हणाल्या, "म्हणजे? राणीसाहेबांकडे होतात तुम्ही?"

"कसल्या राणीसाहेब? आमच्याच घरातला सेट हा. शय्यादानात आलेला. मागच्या खोलीत पडून होता. पुढे मामंजींनी जुना बाजारवाल्याला दिला, हातगाडीवर मीच रचून दिला होता."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी विचारलं, "शय्यादान म्हणजे?" आणि कुणीतरी हळू आवाजात सांगितलं. मग चमचे एकेक करून खाली ठेवल्याचे आवाज आले.

यशोदाबाईंचा हात पोळीवर होता तिथेच थांबला. "म्हंजी मेल्या मानसाचं ताट?"

मालिनीबाईंची नजर तेजस्विनीबाईंवर गेली. ज्या तोंडाची त्यांना एवढी उत्सुकता होती ते तोंड आता समोर होतं, आणि ते अगदी पांढरं पडलं होतं. पुढारलेल्या बाईंनी आपलं ताट दोन बोटांनी पुढे ढकललं, आणि तीच दोन बोटं रुमालाला पुसली. एरवी या दृश्यावर मालिनीबाई वर्षभर जगल्या असत्या. पण त्याच वेळी योगेश आजीकडे पाहत होता, संपदा योगेशकडे पाहत होती, आणि यशोदाबाई कुणाकडेच न पाहता देवीचं नाव पुटपुटत होत्या.

"म्हनून म्हटलं सकाळपासून उजवा डोळा का लवतो," यशोदाबाई स्वतःशी म्हणाल्या, आणि मग मोठ्यानं, "उजवा कौल दिला व्हता आईनं. मंग ह्ये मधीच काय आलं?"

"यशोदाबाई, तसं काही नसतं," मालिनीबाई घाईनं म्हणाल्या. "शास्त्र सांगते तुम्हाला. मामंजी सांगायचे. दान घेतलं की वस्तू मोकळी होते. ताटाला काही चिकटत नाही. जो काही दोष असेल तो घेणाऱ्याच्या घरी जातो. त्यासाठीच तर दक्षिणा देतात. ताटं स्वच्छ आहेत. जेवा तुम्ही."

यशोदाबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्या अडाणी असतील, पण बाजार समितीत व्यापाऱ्यांशी भांडून कांदा विकलेल्या बाई होत्या. कुठल्या बोलण्यात भोक कुठे असतं ते त्यांना बरोबर सापडायचं.

"म्हंजी दोष तुमच्या घरी आला."

"हो."

"आन् ही पोर तुमच्याच घरातली."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जुनं काही आठवत असल्याचा पश्चात्ताप झाला. ताटं सोडवावीत तर पोरगी अडकत होती. पोरगी सोडवावी तर ताटं अडकत होती. संपदानं खाली मान घातली होती. तिच्या ताटात अर्धी पोळी होती, आणि केळवणाचं अर्धं पान टाकून उठणं म्हणजे काय ते इथे कुणाला सांगावं लागलं नसतं.

"ते झाकण आणा बरं इकडे," मालिनीबाई म्हणाल्या.

सुवर्णानं ते आणून दिलं. मालिनीबाईंनी चष्मा पुसला, चढवला. झाकण उजेडाकडे धरलं, फिरवलं, अगदी तेजस्विनीबाईंसारखं उलटं करून पाहिलं. अंगठा तिरक्या टाक्यावरून गेला. म्हातारा टाका घालताना शिंकला होता. गंगाधररावांनी घरी येऊन त्याची नक्कल केली होती, आणि त्या पहिल्यांदा नवऱ्यासमोर खळखळून हसल्या होत्या.

"हे आमचं नव्हे," त्या म्हणाल्या.

"नाय?"

"आमच्या सेटवर निळी वेल होती. ही हिरवी. माझी गफलत झाली."

"अशी कशी गफलत?" यशोदाबाईंनी विचारलं. "आत्ता तर म्हनत व्हत्या, हातगाडीवर रचलं."

"रचलं, पण ते निळं रचलं. वय झालं हो. सगळी चिनी माती सारखीच दिसते."

आणि सुनील, ज्याच्या पाढ्यांपासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं आईनं लक्षात ठेवलं होतं, तो सगळ्या टेबलाकडे पाहून समजूतदार हसत म्हणाला, "आईचं हल्ली होतं असं."

मालिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. असल्या मुलाकडे काय पाहायचं!

"पोरीची आन घ्या," यशोदाबाई म्हणाल्या.

"पोरीची कशाला? माझ्या डोळ्यांची घेते. तसेही ते आता कामाचे राहिले नाहीत, बघितलंतच तुम्ही."

यशोदाबाई पुष्कळ वेळ त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिल्या. त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी ताट पुढे ओढलं, पोळीचा तुकडा मोडला आणि तुपात बुडवला. "जेवा रं समदी. बघत काय बसले?" टेबलभर चमचे पुन्हा उचलले गेले. संपदा जेवायला लागली. तिनं मान वर केली नाही, पण घास मात्र मोठे घेत होती.

तेजस्विनीबाईंनी छातीवर हात ठेवून सुस्कारा सोडला. "बाई गं! घाबरवलंत हो, आजी. मी म्हटलंच, अँटिकवाल्यानं मला लेखी दिलंय." त्यांचा रंग परत आला, आणि रंगाबरोबर सगळं काही परत आलं. "जुन्या माणसांचं असंच असतं. आमच्या एका मावशी तर स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत. आजी, बदाम भिजवून खात जा."

"खाते," मालिनीबाई म्हणाल्या.

पण तेजस्विनीबाईंच्या मनात काटा राहिलाच असणार, कारण गोड संपता संपता त्या मालिनीबाईंच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाईल होता, त्यावर रेकॉर्डिंग चालू.

"आजी, आठवून बघा ना जरा. राणीसाहेब त्या काळी रामकुंडावर यायच्या म्हणतात. तुम्ही पाहिलं असेल त्यांना. घाई नाही, आठवेल तेवढंच सांगा."

हेच ते तोंड. कौतुकासाठी उघडलेलं, जे घालाल ते गिळणारं. त्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा मालिनीबाईंना लख्ख दिसत होता. सुती पांढरं लुगडं, रिकामे हात आणि तो एक प्रश्न, 'मग ते तिकडे जेवतील कशात?' तो या बाईंच्या कपाटात मावला नसता. खाली ठेवायला चिठ्ठीच झाली नसती त्याची. शेजारी यशोदाबाई हात धुऊन सुपारी कातरत होत्या, आणि त्यांचा कान इकडेच होता.

"पाहिलं होतं तर," मालिनीबाई म्हणाल्या. "गोऱ्यापान होत्या. अंजिरी शालू. मोठा लवाजमा बरोबर."

"आणि हा सेट?"

"बरोबरच असायचा. घाटावर तंबू लागायचा त्यांचा. आम्ही लांबून बघायचो. ऊन पडलं की ताटांचा काठ असा चमकायचा..."

यशोदाबाईंची सुपारी कातरायची थांबली. "बघा," त्या कुणाला तरी म्हणाल्या, "हे बरं आठवतंय त्यांला."

"थांबा, थांबा, आजी!" तेजस्विनीबाई ओरडल्या. "मध्येच कुकर वाजला. आवाज नीट आला नाही. पुन्हा एकदा बोला ना, राणीसाहेबांपासून."

मालिनीबाईंनी पदर सारखा केला, मोबाईलकडे तोंड केलं आणि राणीसाहेबांना पुन्हा एकदा पहिल्यापासून घाटावर आणलं. या खेपेला दोन हत्तीही होते.